अतिविलंब शुल्कासह

दसऱ्याला आपट्याची पानं वाटत 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणणाऱ्या महाराष्ट्राला सहसा आठवत नाही की हा सगळा मामला मुळात एका थकलेल्या फीचा आहे. वरतंतू ऋषींचा कौत्स नावाचा शिष्य शिक्षण संपवून निघाला आणि 'गुरुदक्षिणा काय देऊ' म्हणून गुरुजींच्या मागे लागला. गुरुजी म्हणाले, काही नको, मनापासून सेवा केलीस तेवढी पुरे. कौत्स ऐकेना. फी घ्याच म्हणून हटून बसलेला हा बहुधा पहिला आणि शेवटचा विद्यार्थी. शेवटी गुरुजी वैतागले आणि त्यांनी हिशेब मांडला: चौदा विद्या शिकवल्या, दर विद्येला एक कोटी, आण चौदा कोटी. विषयवार शुल्क आकारणीची सुरुवात ही अशी, गुरुजींच्या रागातून झाली.

कौत्स रघुराजाकडे गेला. रघूने नुकताच विश्वजित यज्ञ करून तिजोरी झाडून दान केली होती. पाहुण्याला अर्घ्य द्यायलासुद्धा मातीचंच भांडं उरलं होतं. तरी 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा मारून त्याने अर्ज परत पाठवला नाही. दोन-तीन दिवस थांबा म्हणाला आणि कुबेरावर स्वारीची तयारी केली. कुबेराने धसका घेतला आणि रातोरात कोषागारात सोन्याचा पाऊस पडला. कालिदासाने 'रघुवंशा'त पुढचं नवलही नोंदवलं आहे. राजा म्हणतो, सगळं घेऊन जा. विद्यार्थी म्हणतो, चौदा कोटींच्या वर एक नाणं नको. उरलेलं सोनं आपट्याच्या झाडाशी ओतलं आणि लोकांनी लुटलं, ही भर लोककथेची. शिष्यवृत्ती एका रात्रीत मंजूर आणि शिल्लक रक्कम जनतेत वाटप, असं प्रशासन या देशात पुन्हा झालं नाही.

दुसरं टोक एकलव्याचं. त्याला वर्गात प्रवेशच मिळाला नव्हता. फी मात्र उजव्या अंगठ्याच्या रूपाने वसूल झाली, तीही एकरकमी.

या दोन टोकांच्या मधोमध आजचा विद्यार्थी जुलैच्या पावसात ओली छत्री सांभाळत रांगेत उभा असतो. समोर खिडकी, खिडकीला जाळी, जाळीमागे संगणक आणि संगणकामागे भाऊसाहेब. खिडकीवर कागद चिकटवलेला: 'फी फक्त ऑनलाइन स्वीकारली जाईल.' मग रांग कशाची? तर ऑनलाइन भरलेल्या फीची प्रिंट दाखवून तिच्यावर शिक्का मारून घेण्याची. प्रिंटची झेरॉक्सही लागते, आणि झेरॉक्सच्या दुकानासमोर वेगळी रांग असते.

महाविद्यालयाची फीची पावती हा मराठी गद्यातला एक दुर्लक्षित प्रकार आहे. सुरुवात शांत असते: शिकवणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना. मग कथानक वळण घेतं. नियतकालिक, ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, समूह विमा, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन, कुलगुरू निधी. कुठेतरी 'अश्वमेध' येतो आणि नव्या मुलाच्या वडिलांना वाटतं, संस्था यज्ञ करणार आहे. अश्वमेध हे राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचं नाव आहे हे त्यांना सांगितलं जातं. आपला मुलगा कॅरमसुद्धा खेळत नाही हे ते मनात म्हणतात. शेवटी 'इतर' असा एक रकाना असतो. त्याच्या आत काय आहे हे विचारण्याची पद्धत नाही.

साधारण १९८३ पर्यंत फी ही खिशातून द्यायची गोष्ट होती. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि फी शेतातून, दागिन्यांतून, प्रॉव्हिडंट फंडातून द्यायची गोष्ट झाली. ज्यांची मुलं त्याआधी प्रवेशासाठी कर्नाटकाच्या वाऱ्या करत, त्यांची सोय झाली हेही खरंच. चार वर्षांत, १९८७ साली, देणगी घेऊन प्रवेश देण्यावर बंदी घालणारा कायदाही राज्याने केला. पुढे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इस्लामिक अकॅडमी खटल्यात सांगितलं की संस्थांनी सगळ्या अभ्यासक्रमाची फी एकदम घेऊ नये, फार तर एका वर्षाची किंवा सत्राची घ्यावी. त्याआधी काय चालत असेल याचा अंदाज या आदेशावरूनच येतो.

फी भरायचे दिवस ज्याने ठरवले, तो शेतकरी नव्हता हे नक्की. प्रवेश सुरू होतात तेव्हा खरीप पेरणी चालू असते. बियाणं, खत आणि ट्रॅक्टरचं भाडं हे तिघं फीच्या आधी रांगेत उभे असतात. पश्चिम महाराष्ट्रातला बाप खिडकीशी सांगतो, 'साहेब, उसाचं बिल निघालं की भरतो.' साहेबांचाही ऊस असतो, त्यामुळे ते बिल कधी निघतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर साखर कारखान्याने वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यायचं असतं. हे व्याज मिळवण्यासाठी शेतकऱ्याला मोर्चा काढावा लागतो. मुलाचं विलंब शुल्क मात्र मोर्चाशिवाय आपोआप लागू होतं.

इथे या व्यवहाराची खरी गंमत आहे. फीच्या पैशाला दोन घड्याळं लावलेली असतात. विद्यार्थ्याकडचं घड्याळ सेकंदकाट्याचं असतं. कारखाना, सरकार, बँक आणि परतावा देणारं कार्यालय यांच्या भिंतीवरचं घड्याळ नुसतं शोभेचं असतं. देणारा उशीर करतो तेव्हा त्याला प्रक्रिया म्हणतात. विद्यार्थी उशीर करतो तेव्हा त्याला थकबाकीदार म्हणतात.

थकबाकीदार व्हायच्याही पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात सूचना येते आणि खाली पन्नास जण नमस्काराचा हात चिकटवतात. दुसऱ्या पायरीवर शिपाईमामा भर तासाला यादी घेऊन येतात आणि नावं वाचतात. ज्या प्राध्यापकांना वर्षभर विद्यार्थ्यांची नावं पाठ झालेली नसतात, त्यांना ती या यादीतून होतात. तिसरी पायरी सूचना फलकाची. चौथ्या पायरीवर परीक्षेचा अर्ज अडतो, आणि तिथे विद्यापीठाचं वेळापत्रक सुरू होतं: नियमित शुल्कासह अमुक तारखेपर्यंत, विलंब शुल्कासह तमुक तारखेपर्यंत, अतिविलंब शुल्कासह त्याच्या पुढे. ज्याच्याकडे मूळ रक्कम नव्हती त्याने आता मूळ रकमेसह जास्तीची रक्कम आणावी, असं या योजनेचं अर्थशास्त्र आहे.

पाचवी पायरी हॉल तिकिटाची. परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात होणारा संवाद राज्यभर जवळपास सारखा असतो.

'सर, हॉल तिकीट.'

'फी?'

'सर, बाबा उद्या येतायत.'

'पेपर कधी आहे?'

'उद्या.'

'मग बाबांना आज यायला सांग.'

बाबा फोनवर येतात, आवाज खाली करून बोलतात, आणि शेवटी भाऊसाहेब 'लेखी द्या' म्हणतात. विद्यार्थ्याच्या वहीतल्या पानावर हमीपत्र लिहिलं जातं. चारही वर्षांत त्याने कुणाच्या मदतीशिवाय लिहिलेला मजकूर बऱ्याचदा हा एवढाच. भाऊसाहेब कागद ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि हॉल तिकीट देतात, कारण मूल परीक्षेला मुकलं तर त्यांनाही रात्री जेवण जात नाही. वर साहेबांनी विचारलं तर सांगायला कागद असतो.

सहावी आणि शेवटची पायरी 'नो ड्यूज'ची. पदवी मिळाली, नोकरीचं पत्र आलं, दाखला हवा. त्यासाठी एका फॉर्मवर ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, एनएसएस अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. जिमखान्याचे सर स्पर्धेला गेलेले असतात. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी फुटलेल्या चंचुपात्राची नोंद जपून ठेवलेली असते. ग्रंथालयात एक पुस्तक नावावर निघतं, जे त्याने आणलंच नव्हतं. ते मित्राने त्याच्या कार्डावर नेलेलं असतं आणि मित्र आता बंगळुरूला असतो. पुस्तकाची किंमत कितीही असो, त्या क्षणी तिच्यापुढे अभियांत्रिकीची अख्खी पदवी गहाण पडलेली असते.

पैसे नसलेल्या विद्यार्थ्याचं काय करायचं, हा प्रश्न जुना आहे आणि जुन्या लोकांनी तो अधिक सरळ सोडवला होता. जातककथांत तक्षशिलेचा आचार्य नव्या मुलाला दारातच विचारतो: फी आणलीस, की सेवा करून शिकणार? फी आणणारे आगाऊ हजार नाणी देत. न आणणारे दिवसा आचार्यांची कामं करत आणि रात्री शिकत. दोघांनाही एकच विद्या मिळे. त्यात उत्पन्नाचा दाखला मागितल्याचा उल्लेख नाही.

महाराष्ट्रात हेच काम कर्मवीर भाऊराव पाटलांनी केलं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, तेव्हा तिथली मुलं शेतात राबून, दगड-माती वाहून शिकली. भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका'चा आज विद्यापीठांत एक विभाग आहे आणि त्याचे अर्ज भरायलाही शेवटची तारीख असते. निवड झालेली मुलं बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासावर काम करतात. त्यातला एखादा नेमका फी विभागात बसतो आणि थकबाकीदारांची यादी टाइप करताना स्वतःचं नाव अकारविल्हे योग्य जागी घालतो.

सरकारने आपली बाजू सोडली आहे असं मात्र म्हणता येणार नाही. योजनांची कमतरता नाही. अनुसूचित जातींसाठी केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात परीक्षा शुल्क माफ होतं. जुलै २०२४ मध्ये तर राज्याने, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. गावोगावी फलक लागले. मुली खिडकीशी गेल्या तेव्हा काही ठिकाणी उत्तर मिळालं: 'आधी भरा, सरकारकडून आले की परत देऊ.' मग उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांना महाविद्यालयांना कारवाईचे इशारे द्यावे लागले. शिवाय माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. वसतिगृह, मेस आणि एसटीचा पास यांना त्या निर्णयाची कल्पना नव्हती.

या सगळ्या योजनांचा रस्ता महाडीबीटी नावाच्या पोर्टलवरून जातो. पोर्टलवर जायच्या आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, मग अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेयर, शिधापत्रिका आणि कॉलेजचं बोनाफाईड. हे जमवणारा विद्यार्थी बीएच्या पहिल्या वर्षालाच लोकप्रशासन विषयात पारंगत होतो. अर्ज भरला की तो 'अंडर स्क्रुटिनी' होतो. ही अवस्था दिवाळीपर्यंत टिकते. मग अर्ज परत येतो, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव 'शिंदे सागर भीमराव' आहे आणि आधारवर 'सागर भिमराव शिंदे'. भीमरावांच्या वेलांटीसाठी सागरला पुन्हा सेतू केंद्रात जावं लागतं.

आणि पैसे निघाले, तर ते कुठे जातात? २०२१ पासून पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो. तिथून त्याने तो कॉलेजला भरायचा. हेतू चांगला आहे, मधले हात कमी व्हावेत. पण आधार शेवटी कोणत्या खात्याला जोडला होता, हे घरात कुणालाच आठवत नाही. गॅस अनुदानाच्या वेळी उघडलेलं एक खातं असतं, शाळेच्या गणवेशासाठी उघडलेलं दुसरं, मोबाइल कंपनीने सिम देताना तिसरं चिकटवलेलं. पैसे तिसऱ्यात पडतात. त्याचा पासवर्ड ज्या नंबरवर येतो तो नंबर आता मामाकडे असतो. आणि जिथे पैसे थेट विद्यार्थ्याच्या हातात पडतात, तिथे एक नवीन मोबाइल आणि कॉलेजची फी यांच्यात दोन दिवस मोठं वैचारिक द्वंद्व चालतं. ते नेहमीच फी जिंकते असं नाही.

शिष्यवृत्तीस पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नका, असे शासनाचे आदेश आहेत. संस्था म्हणतात, मान्य, पण शासनाकडची आमची बाकी कधी मिळणार? विनाअनुदानित महाविद्यालयांच्या संघटना या बाकीची आठवण वर्षानुवर्षं करून देत असतात. एवढा मोठा थकबाकीदार असूनही शासनाचं नाव फलकावर लागल्याचं, किंवा त्याचं हॉल तिकीट अडवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. सरकारला विलंब शुल्क नसतं. त्यामुळे संस्था तो ताण जिथे वसूल होऊ शकतो तिथे वसूल करते, म्हणजे खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडून.

फीसाठी कोर्टात जाण्याची परंपरा चोवीसशे वर्षांची आहे. ग्रीक पंडित प्रोटागोरसने युएथ्लस नावाच्या शिष्याला वक्तृत्व आणि वकिली शिकवली. करार असा की निम्मी फी आधी, उरलेली युएथ्लस पहिला खटला जिंकेल तेव्हा. युएथ्लस हुशार निघाला. त्याने वकिलीच केली नाही. शेवटी गुरूने खटला भरला. गुरू म्हणाला, मी जिंकलो तर निकालाप्रमाणे पैसे दे, हरलो तर तू पहिला खटला जिंकलास म्हणून कराराप्रमाणे दे. शिष्य म्हणाला, मी जिंकलो तर निकालाप्रमाणे देणं लागत नाही, हरलो तर अजून खटला जिंकलेलो नाही म्हणून कराराप्रमाणे लागत नाही. न्यायाधीशांनी प्रकरण लांबच्या तारखेवर ढकललं, असं रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो. न्यायव्यवस्थेचा हा वारसा आपल्याकडे नीट जपला गेला आहे.

म्हणूनच जेव्हा आपलं सर्वोच्च न्यायालय एका फीच्या प्रकरणात चटकन हललं, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका दलित विद्यार्थ्याला पवईच्या आयआयटी मुंबईत सिव्हिल इंजिनिअरिंगची जागा मिळाली. जागा पक्की करायला लागणारे पैसे कमी पडत होते. बहिणीने ते खात्यावर पाठवले. मुलाने दहा-बारा वेळा भरून पाहिले, पैसे जाईनात. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेतून प्रयत्न, तिथेही तेच. त्या वर्षीची प्रवेश परीक्षा आयआयटी खरगपूरने घेतली होती, म्हणून पठ्ठ्याने उसने पैसे घेऊन थेट खरगपूर गाठलं. ऑनलाइन फी जाईना, म्हणून भाड्याला पैसे काढावे लागले. तिथे नकार मिळाला. मुंबई उच्च न्यायालयातही याचिका टिकली नाही. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने घटनेच्या कलम १४२ खालचे विशेष अधिकार वापरून, इतर कुणाची जागा न काढता, त्याला आयआयटी मुंबईत प्रवेश द्यायला सांगितलं.

तीन वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा झाला. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या गावचा मुलगा, वडील रोजंदारीवर. आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकलची जागा. भरायचे होते १७,५०० रुपये, मुदत २४ जून २०२४, संध्याकाळी पाच. वडिलांची मजुरी दिवसाला साडेचारशे, हे न्यायालयातच सांगितलं गेलं. म्हणजे एकही चहा न पिता एकोणचाळीस दिवसांची कमाई, आणि हातात दिवस चार. गावातून गोळा करून रक्कम उभी राहिली तेव्हा पावणेपाच वाजले होते. पंधरा मिनिटांत कागदपत्रं चढवून पैसे भरायचे होते. पाच वाजले आणि पोर्टल बंद झालं. या देशातलं एखादं सरकारी काम नेमक्या ठरलेल्या मिनिटाला होतं, याचा पुरावा त्या कुटुंबाला मिळाला.

पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. अनुसूचित जाती आयोग, झारखंडचं विधी सेवा प्राधिकरण, मग परीक्षा आयआयटी मद्रासने घेतली होती म्हणून मद्रास उच्च न्यायालय, आणि शेवटी दिल्ली. धनबादला जायचं तर उत्तर प्रदेशातून चेन्नईमार्गे जावं लागतं, हे रेल्वेलाही माहीत नसावं. सुनावणीत दुसऱ्या बाजूने सांगण्यात आलं की मुलाने दुपारी तीनलाच लॉगिन केलं होतं आणि त्याला व्हॉट्सॲप व एसएमएसवर आठवणीही पाठवल्या होत्या. आठवण नव्हती म्हणून फी राहिली, असं कुणी म्हटलंच नव्हतं. पैसे असते तर मुलगा पाचपर्यंत थांबला कशाला असता, असा साधा प्रश्न खंडपीठाने केला. ३० सप्टेंबरला सरन्यायाधीश झालेल्या त्याच चंद्रचूडांनी, पुन्हा कलम १४२ वापरून, त्याच्यासाठी जास्तीची जागा निर्माण करायला लावली. पंधरा मिनिटांचं काम तीन महिन्यांहून जास्त चाललं. कलम १४२ 'संपूर्ण न्याया'साठी घटनाकारांनी ठेवलं आहे; पेमेंट गेटवे अडकल्यावर ते उपयोगी पडेल, असं संविधान सभेत कुणाच्या मनात आलं नसेल.

परदेशी शिकणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना ही कथा वाचून वाटेल, तिकडे असलं काही नसतं. तिकडेही असतं, फक्त पत्र अतिशय नम्र भाषेत येतं. ब्रिटनमध्ये फी थकली तर नाव कमी होतं, आणि विद्यापीठ ते गृहखात्याला कळवतं. मग व्हिसाच जातो. २०२४ मध्ये नायजेरियाचं चलन कोसळलं आणि घरून येणारे पैसे फीला अपुरे पडू लागले, तेव्हा टीसाइड विद्यापीठातल्या काही नायजेरियन मुलांवर ही वेळ आली. पुण्या-नागपूरचे पालक म्हणूनच सकाळी पंचांगाआधी पौंडाचा भाव बघतात. वसतिगृहाची किंवा ग्रंथालयाची किरकोळ बाकी राहिली म्हणून पदवी अडवणं तिथेही चाले. २०१४ मध्ये तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने विद्यापीठांना बजावलं की हे कायद्यात बसणार नाही. अमेरिकेत बाकीसाठी गुणपत्रक रोखून धरण्यावर कॅलिफोर्नियाने २०२० पासून बंदी घातली. चंचुपात्राची वही थोडक्यात सगळीकडे आहे.

आता उलटा प्रवास, म्हणजे भरलेली फी परत मिळवण्याचा. मुलीला एका ठिकाणी प्रवेश मिळतो, फी भरली जाते, आणि पुढच्या फेरीत जास्त चांगलं कॉलेज लागतं. मग घरात आनंद आणि हिशेब एकदमच सुरू होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याचं कोष्टकच दिलं. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत कापून. त्यानंतर नव्वद टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी, तीस दिवसांपर्यंत पन्नास, आणि पुढे शून्य. पैसे अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचे. मूळ कागदपत्रं तपासून लगेच परत करायची, ओलीस ठेवायची नाहीत. २०२४-२५ साठी तर ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण परतावा, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून, अशी अधिकच उदार सूचना निघाली.

सूचना उदार आहे, खिडकी तीच आहे. परताव्याच्या अर्जाला मूळ पावती लागते, आणि मूळ पावती प्रवेशाच्या वेळी कार्यालयानेच फाइलला लावून घेतलेली असते. रद्द केलेला चेक लागतो. विद्यार्थ्याच्या खात्याला चेकबुक नसतं. अर्जावर प्राचार्यांची सही लागते. प्राचार्य नॅकच्या तयारीत असतात. लेखापाल म्हणतात, 'संस्थेकडून मंजुरी आली की करतो.' संस्था दुसऱ्या गावी असते आणि सेक्रेटरी तिसऱ्या. कॉशन मनीची तर गोष्टच वेगळी. अभ्यासक्रम संपल्यावर ही अनामत परत मिळते, पण ती मागायला येणारा माणूस खिडकीशी इतका दुर्मीळ असतो की भाऊसाहेब खुर्चीतून उठून त्याला बघतात. बहुतेक जण ती रक्कम तशीच सोडतात. वीस वर्षांनी माजी विद्यार्थी मेळाव्यात त्यांच्याकडे देणगी मागितली जाते, तेव्हाही तिची आठवण कुणी काढत नाही.

फी परत करण्याच्या बाबतीत एकच कार्यालय निर्दोष होतं आणि ते एका प्राध्यापकाच्या खिशात होतं. ग्लासगो विद्यापीठात त्या काळी विद्यार्थी फी थेट शिक्षकाला देत. जानेवारी १७६४ मध्ये तिथला एक प्राध्यापक एका तरुण ड्यूकबरोबर युरोपात फिरण्याच्या, वर्षाला तीनशे पौंडांच्या नोकरीसाठी सत्राच्या मध्येच निघाला. उरलेला अभ्यासक्रम दुसरे शिक्षक घेणार होते, तरी शेवटच्या तासाला तो प्रत्येकाची फी कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून घेऊन आला आणि एकेकाचं नाव पुकारू लागला. पहिल्याच मुलाने पैसे नाकारले. आम्ही भरपूर शिकलो, म्हणाला. बाकीची मुलंही तेच म्हणू लागली. बाजाराच्या अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲडम स्मिथने मग त्या मुलाचा कोट पकडला, पुडी त्याच्या खिशात कोंबली आणि त्याला बाजूला ढकललं. ते पाहून उरलेल्या वर्गाने निमूटपणे आपापली फी परत घेतली. अर्ज, मूळ पावती आणि रद्द केलेला चेक यांतलं काहीही न देता.